गोधडी आमची, शिक्का कुणाचा?

पुण्यातील एका हस्तकला प्रदर्शनात पाहिलेला प्रसंग आहे. माण तालुक्यातील एका बचत गटाच्या भगिनींनी हाताने शिवलेल्या गोधड्या मांडल्या होत्या. जुन्या लुगड्यांचे थर, त्यांवर खणाची आणि धोतराची ठिगळे, आणि कडेपासून मध्याकडे चौकोनात चौकोन घालत गेलेला धावदोरा. चार गाळे सोडून पलीकडे एका व्यापाऱ्याचा गाळा होता. तेथे यंत्रावर छापलेले पलंगपोस रचून ठेवले होते. त्यांतील एका पलंगपोसावर गोधडीचेच चित्र होते, ठिगळांसकट, टाक्यांसकट. वेष्टनावर वर्तुळात कोंडलेले ते सुप्रसिद्ध रोमन अक्षर आणि त्याखाली सर्व हक्क राखीव असल्याचा इंग्रजी इशारा. किंमत हाताच्या गोधडीच्या निम्म्याहून कमी.

गटातील एक वृद्ध मावशी त्या पलंगपोसाकडे बराच वेळ पाहत उभी होती. “ही नक्षी तुमचीच कशावरून, मावशी?” मी विचारले. ती म्हणाली, “दादा, मला विंग्रजी वाचता येत न्हाई, पण टाका वाचता येतो. ह्या निळ्या ठिगळापाशी माझा दोरा सरकला हुता, तो उसवायचा राहिला. बघा, ह्यांनी माझी चूकबी छापलीया.” आदल्या वर्षी याच प्रदर्शनात कुणीतरी त्या गोधडीची छायाचित्रे घेतली होती. नीट दिसावी म्हणून तिनेच ती दोन्ही हातांनी पसरून धरली होती!

प्रसंग लहान आहे. त्यात कुठे दंगा नाही, घोषणा नाही. परंतु ज्या समाजाने आपले ज्ञान दोन्ही हातांनी पसरून धरले, त्या समाजाची कहाणीच या एका दृश्यात सामावलेली आहे.

ज्याला कर्ता नाही, ते कुणाचेच नाही?

गोधडी कुणी शोधून काढली, या प्रश्नाला उत्तर नाही. देशावर ती वाकळ होते, कर्नाटकात कौदी, बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी. उत्तर कन्नड भागातील सिद्दी समाजाच्या कवंदीला चारही कोपऱ्यांत कापडी फुले लावल्याखेरीज ती पूर्ण झाली असे मानत नाहीत. सुई तीच, धावदोरा तोच. पण प्रत्येक प्रांताने त्यात आपली बोली मिसळली. बाळ जन्माला येण्याआधी आजीच्या मऊ झालेल्या नऊवारीचे दुपटे शिवून ठेवण्याची रीत आपल्या घराघरांत होती. त्या दुपट्यात ऊब होती, काटकसर होती, आणि घरातील जुन्या माणसाचा स्पर्श नव्या जिवापर्यंत पोहोचवण्याची दृष्टीही होती. हे ज्ञान आईने लेकीला दिले, सासूने सुनेला दिले, शेजारणीने शेजारणीला दिले. त्याची फी कुणी घेतली नाही. पावती कुणी फाडली नाही.

आणि नेमकी हीच गोष्ट आधुनिक कायद्याच्या चौकटीत आपला दोष ठरते. स्वामित्व हक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा कायदा ज्या युरोपीय विचारातून घडला, त्या विचारात कृतीला एक कर्ता लागतो, एक तारीख लागते आणि मालकीला एक मुदत लागते. आपल्या 1957 च्या कायद्यानुसार चित्र, रेखाटन किंवा कलात्मक कारागिरीची मूळ कृती यांवर कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतो. शंभर पिढ्यांनी मिळून घडवलेल्या रचनेचा मृत्युदिन कोणता धरायचा? कर्ता सापडत नाही, म्हणून ती रचना सार्वजनिक, अर्थात कुणीही उचलावी अशी! आणि जो ती उचलतो, तिला यंत्राखालून काढतो आणि चार रंग बदलतो, त्याला मात्र नाव असते, पत्ता असतो, तारीख असते. तो शिक्का मारतो. ज्यांनी दिले ते अनामिक. ज्याने घेतले तो स्वामी. याला न्याय म्हणायचे असेल, तर चोरीसाठी दुसरा शब्द शोधावा लागेल.

कायद्याच्या तीन दारांवर

तथापि केवळ संताप व्यक्त करून भागणार नाही. कायदा आपल्या बाजूने कोठे उभा राहतो आणि कोठे पाठ फिरवतो, हे प्रत्येक कार्यकर्त्याने नीट समजून घेतले पाहिजे.

पहिले दार कॉपीराइटचे. हा कायदा कल्पनेला किंवा पद्धतीला संरक्षण देत नाही. तिच्या विशिष्ट आविष्काराला देतो. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या 1978 च्या निकालात हे तत्त्व स्पष्ट केले आहे. म्हणजे धावदोरा घालण्याची रीत, थर लावण्याचे तंत्र, चौकोनात चौकोन ही कल्पना यांवर कुणाचाही हक्क सिद्ध होत नाही, आणि होऊही नये. परंतु एखाद्या बाईने स्वतःच्या बुद्धीने जुळवलेली ठिगळांची मांडणी ही तिची मूळ कृती ठरू शकते. त्यासाठी नोंदणीचीही सक्ती नाही. कृती घडताच हक्क निर्माण होतो. याचा अर्थ आपली माणची मावशी अगदीच निराधार नाही. पलंगपोसावर छापलेले ते अक्षर म्हणजे काही न्यायालयाचा हुकूम नव्हे. ते कुणीही छापू शकतो.

दुसरे दार डिझाइनचे. 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी केली, तर 10 वर्षे, आणि मुदत वाढवून घेतल्यास आणखी 5 वर्षे संरक्षण मिळते. पण अट अशी की रचना नवी हवी, पूर्वी प्रसिद्ध झालेली नको. पिढीजात नक्षीला हे दार जन्मतःच बंद आहे. शिवाय कॉपीराइट कायद्याच्या कलम 15 मध्ये एक मेख आहे. नोंदणीयोग्य असूनही नोंदणी न केलेल्या डिझाइनच्या वस्तू हक्कधारकाने, किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्या कुणी, औद्योगिक प्रक्रियेने 50 हून अधिक वेळा काढल्या, की त्यावरील कॉपीराइटच संपतो. कलाकृती कोठे संपते आणि औद्योगिक डिझाइन कोठे सुरू होते, याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल 2025 मधील क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या निकालात नव्याने घालून द्यावी लागली. वकिलांनाही जेथे ठेच लागते, तेथे सातवीत शाळा सुटलेल्या भगिनीने वाट काढावी, अशी आपली अपेक्षा आहे काय? एखाद्या संस्थेने गोड बोलून तिची नक्षी यंत्रावर छापण्याची संमती घेतली, तर त्या कागदावर सही करताना आपण काय गमावत आहोत, हे तिला कोण सांगणार?

तिसरे दार भौगोलिक मानांकनाचे. 1999 चा हा कायदा 15 सप्टेंबर 2003 पासून अमलात आला. सोलापुरी चादर, पैठणी, वारली चित्रकला यांना त्याचे कवच मिळाले आहे. बंगालची नक्षी कांथा आणि बिहारची सुजनीही त्यात आहेत. हे कवच व्यक्तीला नव्हे, समुदायाला मिळते आणि त्याचे नूतनीकरण होत राहते, म्हणून ते आपल्या प्रकृतीला सर्वांत जवळचे. मात्र ते मुख्यतः नावाचे रक्षण करते, नक्षीचे नव्हे. कोल्हापुरी चपलेचे उदाहरण ताजे आहे. महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून तिचे मानांकन आहे. जून 2025 मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने तशाच धाटणीच्या चपला मंचावर आणल्या. त्या वेळी कोल्हापूरचे नावही घेतले नाही. नाव घेतले नाही, म्हणून नावाचा कायदा लागू करणे अवघड! उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिकाही फेटाळली गेली, कारण दाद मागायची ती नोंदणीकृत हक्कधारकांनी. पण समाज खवळून उठला, कंपनीला मूळ मान्य करावे लागले, आणि डिसेंबर 2025 मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून येथील कारागिरांकडून चपला बनवून घेण्याचे तिने जाहीर केले. कायदा जेथे थांबला, तेथून पुढचे काम जागृत समाजाने केले.

‘विद्यादानाची’ ढाल

या विषयावर बोलू लागले, की दोन प्रकारचे आक्षेपक पुढे येतात. पहिला म्हणतो, ज्ञान मुक्त असते, त्याला कुंपण कसले? दुसरा अधिक चतुर. तो आपल्याच परंपरेचा दाखला देतो: तुमच्या संस्कृतीत तर विद्यादान श्रेष्ठ मानले आहे, मग नक्षी कुणी घेतली तर तक्रार का?

या दुसऱ्या महाशयांना एकच प्रश्न विचारावा. दानाला दाता लागतो की नाही? देणाऱ्याने जाणतेपणी दिले तर ते दान. न विचारता उचलले आणि वर आपला शिक्का मारला, तर त्याला कोणत्या स्मृतीत दान म्हटले आहे? आपल्या परंपरेने ज्ञान वाटले, हे खरेच. पण वाटताना नाव पुसले नाही. अभंगाचे उदाहरण घ्या. वारीच्या वाटेवर लाखो कंठ अभंग गातात. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, कुणाला मानधन द्यावे लागत नाही. चाल ज्याची त्याने लावावी. परंतु अखेरच्या चरणातील नाममुद्रा काढून तेथे स्वतःचे नाव घालण्याचे धाडस साडेतीनशे वर्षांत कुणी उजळ माथ्याने केलेले नाही. तुकोबांचे नाव तुकोबांचेच राहिले, जनाबाईंचे जनाबाईंचेच. दळणकांडण करणाऱ्या दासीच्या नावाचा हा मान आपल्या समाजाने शतकानुशतके राखला. गाणे सर्वांचे, नाव कर्त्याचे, हा आपला स्वामित्व हक्क!

गंमत अशी की आजच्या कायद्यातही हे तत्त्व आहे. कॉपीराइट कायद्याचे कलम 57 म्हणते, की कर्त्याने आपला हक्क विकून टाकला तरी कृती आपली आहे हे सांगण्याचा अधिकार त्याच्यापाशीच राहतो. विज्ञान भवनातील भित्तिशिल्पाची सरकारी यंत्रणेने मोडतोड केली, तेव्हा शिल्पकार अमरनाथ सहगल यांना दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये याच कलमाच्या आधारे न्याय दिला. जो अधिकार शिल्पकाराला आहे, तो गोधडी शिवणाऱ्या भगिनीला का नसावा? तिच्या हातात छिन्नीऐवजी सुई आहे, एवढाच का तिचा अपराध?

तेथील भगिनींचेही हेच दुःख

हा केवळ पूर्व आणि पश्चिम यांचा झगडा आहे, अशा समजुतीत कुणी राहू नये. अमेरिकेतील ठिगळकामाच्या गोधड्या हा त्या देशाचा अभिमानाचा विषय. 1990 च्या दशकाच्या आरंभी तेथील स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयाने आपल्या संग्रहातील ऐतिहासिक गोधड्यांच्या प्रतिकृती काढण्याचा परवाना दिला, आणि त्या चीनमध्ये शिवून स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. गोधड्या शिवणाऱ्या अमेरिकन स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, सह्यांच्या मोहिमा निघाल्या. आमच्या आज्यांनी जपलेला वारसा तुम्ही विकायला काढलात, हा त्यांचा सवाल होता.

अलाबामा राज्यातील जीज बेंड या खेड्याची कथा तर अधिक बोलकी. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशजांचे हे गाव. कामाचे फाटके कपडे जोडून तेथील स्त्रियांनी ज्या गोधड्या शिवल्या, त्या 2002 मध्ये मोठ्या कलासंग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या, 2006 मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. गालिचांवर, घरसजावटीच्या वस्तूंवर त्या नक्ष्या झळकल्या. गावाला कीर्ती मिळाली. पण पैसा कुणाला मिळाला? 2007 मध्ये तेथील काही वृद्ध स्त्रियांना हाच प्रश्न घेऊन न्यायालयात जावे लागले. पुढच्या वर्षी ती प्रकरणे आपसात मिटली. श्रीमंत देशाच्या न्यायव्यवस्थेतही गरीब बाईला आपल्या टाक्याचा हिशेब मागण्यासाठी म्हातारपण यावे लागले, एवढाच त्यातून घ्यायचा बोध.

आंतरराष्ट्रीय मंचाची गतीही पाहण्यासारखी आहे. पारंपरिक ज्ञानाच्या प्रश्नावर जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने 2000 मध्ये समिती नेमली. मे 2024 मध्ये, म्हणजे जवळजवळ पाव शतकानंतर, एक करार झाला. तो पेटंट अर्जात जैविक संपत्तीचे आणि तिच्याशी निगडित ज्ञानाचे मूळ उघड करण्यापुरता. नक्षी, विणकाम, भरतकाम यांना तो स्पर्शही करत नाही. तेव्हा जिनिव्हातून कुणी आपल्या वाकळेला संरक्षण पाठवील, या आशेवर बसण्यात अर्थ नाही.

आरशात पाहू या

आता एक कटू गोष्ट. परक्याकडे बोट दाखवणे सोपे असते. आपल्या घरात काय चालते?

हस्तकला शिकवणाऱ्या एखाद्या बाई दोन-तीन वर्षे खपून नमुन्यांची पुस्तिका काढतात. वर्गातील एकजण ती विकत घेते. उरलेल्या वीस जणी तिच्या झेरॉक्स काढतात. “त्यात काय, आपापसातच तर आहे!” वर्गात शिकलेली बाईंची खास रचना पुढच्या महिन्यात स्वतःची म्हणून प्रदर्शनात मांडली जाते. गाळ्यावर येऊन सुशिक्षित कुटुंबे छायाचित्रे घेतात, “आमच्या शिंप्याकडून करून घेऊ” असे कारागिरासमोरच म्हणतात आणि निघून जातात. महिनाभर डोळे फोडून शिवलेल्या गोधडीसाठी घासाघीस करणारे हात त्याच संध्याकाळी छापील रजईची ठरलेली किंमत निमूटपणे मोजतात. ते छापील रजया विकणारे व्यापारीही कुणी परदेशी नव्हेत. आपलेच आहेत. स्वदेशीचा जयघोष करणाऱ्या घरांत तरी हे घडू नये, ही अपेक्षा अवाजवी आहे काय?

दुसरे टोकही टाळले पाहिजे. उद्या कुणी म्हणेल, धावदोरा आमचा, तो बाहेरच्या कुणी शिकू नये. हा हट्ट आपल्या परंपरेला शोभणारा नाही. तंत्र मुक्त असावे. जगाने गोधडी शिकावी, आनंदाने शिवावी. धावदोऱ्यावर मालकी सांगणारा आपला असला, तरी त्याला पहिला विरोध आपणच करावा. तेव्हा तीन गोष्टींचा विवेक ठेवू या. तंत्र सर्वांचे: ते शिकवावे, वाटावे. पिढीजात नक्षी समाजाची: ती वापरावी, पण तिचे गाव, तिची परंपरा सांगावी, तिच्यावर एकट्याचा शिक्का मारू नये. आणि हयात कारागिराची स्वतःची रचना त्या कारागिराची: ती विचारून घ्यावी, मोल देऊन घ्यावी.

हळदीने शिकवलेला धडा

1995 मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले, तेव्हा “हे तर आमच्या आजीला ठाऊक होते” एवढे म्हणून ते रद्द झाले नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने 32 लेखी संदर्भ गोळा केले, ते पेटंट कार्यालयापुढे ठेवले, आणि 1997 मध्ये पेटंट रद्द करवले. त्याच अनुभवातून 2001 मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. आजीचे ज्ञान खरेच होते. पण जिंकला तो कागद.

गोधडीचा कागद कोठे आहे? तो आपणच तयार केला पाहिजे, आणि त्यासाठी कोट्यवधींच्या निधीची गरज नाही. आपल्या सेवाकार्यात ठिकठिकाणी शिवणवर्ग चालतात, बचत गट चालतात. त्यांनी आपल्या भागातील नक्ष्यांची वही करावी. छायाचित्र, गाव, शिवणारीचे नाव, तिने कुणाकडून शिकले ते नाव, आणि तारीख. जुन्या नक्ष्या या वहीतून सर्वांसाठी खुल्या कराव्यात, म्हणजे उद्या कुणी त्यांवर नवेपणाचा दावा केला तर तो खोडून काढता येईल. नव्या रचनांची वेगळी नोंद ठेवावी. प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात शिवणारीचे आणि गावाचे नाव दोऱ्याने भरावे. अभंगाला नाममुद्रा असते, गोधडीला का नसावी? कुणी नक्षी छापण्याची संमती मागितली, तर परिचयाच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. आपल्या परिवारातील वकील बंधूंनी हे काम सेवा म्हणून अंगावर घ्यावे. आणि मध्यमवर्गीय कुटुंबांनी एवढेच करावे: घरात बाळ येणार असेल, तर छापील रजईऐवजी हाताचे दुपटे घ्यावे, त्याचे पूर्ण मोल द्यावे, आणि ते कुणी शिवले हे विचारून लक्षात ठेवावे.

प्रदर्शनातील ती मावशी निघताना आपली उरलेली गोधडी घडी घालत होती. एका तरुणीने मोबाइल पुढे करून विचारले, “फोटो काढू का?” मावशी क्षणभर थांबली. मग तिने गोधडी पुन्हा दोन्ही हातांनी पसरून धरली आणि म्हणाली, “काढ की बाई. पण खाली माझं नाव लिही.”

फसवणूक होऊनही तिने हात आखडले नाहीत. तिने फक्त नाव मागितले. तेवढेही देण्याची आपली तयारी नसेल, तर वारशाच्या गोष्टी आपण कोणत्या तोंडाने सांगायच्या?